‘मायची रोजी बी धराची काय, सर?’ : खेड्यातल्या शाळेत उद्योजकता कशी शिकवायची?

सेलूचा मास्तर | १० जानेवारी, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यातल्या एका उच्च प्राथमिक शाळेत मी सहावी-सातवीला गणित शिकवतो. शाळेत उद्योजकता शिकवावी असं आता सगळीकडून ऐकू येतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या पोरांना दहा दिवस दप्तराविना शाळा आणि स्थानिक कारागिरांसोबत काम असं लिहिलेलंच आहे. मला विषय मनापासून पटतो. पण परवा जे घडलं त्यामुळे माझा विचार बराच बदलला, म्हणून हा धागा.

आमच्याकडे बाल आनंद मेळावा झाला. तुमच्याही शाळेत होत असेल. पोरं घरून काहीबाही करून आणतात, मैदानात चादरी टाकून बसतात, पालक आणि गावातली मंडळी येऊन खातात. सरपंचांच्या हस्ते फीत, फोटो, गटावर टाकायचे, संपलं. सातवीतल्या एका पोरानं आलूपोंगे, म्हणजे पोंग्यांत आलूची भाजी भरून, लावले होते. बारा वाजेस्तोवर त्याचं पातेलं रिकामं. धावत माझ्याकडे आला, “सर, मले दोनशे साठ रुपये नफा झाला!”

म्हटलं, बस. पाटीवर मांडू.

५२ पोंगे, पाच रुपयाला एक, गल्ला २६०. मग खर्च. पोंग्यांचं पाकीट ६०, दोन किलो आलू ५०, तेल २०, तिखट-कोथिंबीर-लिंबू १५, कागदी प्लेटा २०. गॅस धरू की नको यावर थोडा वाद झाला, शेवटी १५ धरले. एकूण १८०. उरले ८०. पोरगं थोडं हिरमुसलं, पण ऐंशीही त्याला कमी नव्हते.

मी विचारलं, भाजी कोणी केली? “मायनं. चार वाजता उठली होती.” किती वाजेपर्यंत? “आठ.” तो थांबला. माझ्याकडे पाहून म्हणाला, “मायची रोजी बी धराची काय, सर?”

आमच्या गावात निंदणाला बाईची रोजी अडीचशे आहे. अर्ध्या दिवसाचे सव्वाशे. ऐंशीतून सव्वाशे जात नाहीत. पाटीवर उणे ४५ आलं. त्यानं ते बराच वेळ पाहिलं, आणि मग जे बोलला ते मी त्या दिवसापासून डोक्यात घेऊन फिरतोय : “पण आमच्या घरी त मायची रोजी कोनी धरतच नाही. कापसात बी नाही.”

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या गावातलं प्रत्येक लेकरू उद्योगातच जन्माला येतं. शेती हा उद्योग आहे, बापाची पानटपरी, मायच्या दोन शेळ्या, सगळा उद्योगच. त्याला ‘उद्योजक बन’ हे शिकवायची गरज नाही. हिशोब कसा मांडतात हे मात्र त्याला कोणी दाखवत नाही, घरीही नाही आणि शाळेतही नाही. उद्योजकता शिक्षण आणायचं तर इथून सुरुवात करावी, असं मला वाटतं. तुमचा अनुभव सांगा.

---

कोरडवाहू | १० जानेवारी, रात्री १०:०५

मास्तर, वाचून गलबलून आलं. तरी एक बाप म्हणून बोलतो, राग मानू नका.

माझी यवतमाळकडे सात एकर कोरडवाहू आहे. मी पोराला शाळेत धंदा शिकायला पाठवत नाही. धंदा त्याला घरी दिसतोच, आणि त्यात काय होतं हेही दिसतं. तो शिकून नोकरीला लागावा म्हणून पाठवतो. मोठ्या शहरातल्या शाळेत रोबोट करायला शिकवतात, आणि आमच्या पोरांना पोंगे भरायला लावायचे, वरून त्याला उद्योजकता म्हणायचं? शिक्षण देता येत नाही म्हणून गरिबाच्या पोराला कामाला जुंपायचं, असं होऊ नये. माझ्या आजानं हेच भोगलं. बापाचा धंदा पोरानं करावा, शिकून काय करतो, असं ऐकतच तो मेला.

---

सेवाग्रामची वाट | १० जानेवारी, रात्री ११:३१

कोरडवाहू भाऊ, तुम्ही जी शंका घेतली ती याच जिल्ह्यात ८८ वर्षांपूर्वी घेतली गेली होती, म्हणून लिहिते.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. सात वर्षं सक्तीचं मोफत शिक्षण, मातृभाषेतून, आणि एखाद्या हस्तोद्योगाला धरून, ही मांडणी तिथली. पोरांनी केलेल्या मालातून शाळेचा खर्च, निदान मास्तरचा पगार निघावा, असंही गांधीजींचं म्हणणं होतं. त्याच परिषदेत अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी कडाडून विरोध केला. शाळेतला माल बाजारात आला तर गावच्या कारागिराशी स्पर्धा होईल, आणि पोरांवर कमाईचं ओझं येईल, हा त्यांचा मुद्दा. पुढे झाकीर हुसेन समितीनं अभ्यासक्रम तयार केला, तेव्हा त्यांनीही अहवालातच धोका नोंदवून ठेवला : मास्तर पोरांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागतील आणि बुद्धीची वाढ बाजूला पडेल.

हे शिक्षण चालवायला १९३८ मध्ये हिंदुस्तानी तालिमी संघ झाला, आर्यनायकम दांपत्यानं सेवाग्रामात ते काम उभं केलं. आमच्या घरी त्या काळची सूत कातायची एक टकळी अजून आहे. आजी तिथल्या शाळेचं सांगायची, सूत किती निघालं ते रोज वहीत लिहावं लागे, कापूस किती घेतला, किती वाया गेला, तेही. त्यातूनच अपूर्णांक शिकवत. पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, कशाचा, कापूस कुठून येतो, तो विलायतेला का जातो, हे सगळं त्या टकळीवरच. ती गणितात कधी अडली नाही, आणि पुढे नर्स झाली. नोकरीच केली तिनं, भाऊ.

म्हणजे कामातून शिकणं आणि पोराला कामाला जुंपणं यातली रेघ बारीक आहे हे तेव्हाच्या लोकांनाही ठाऊक होतं. मला मास्तरांची पाटी त्या रेघेच्या योग्य बाजूला वाटते, कारण त्यांनी पोंगे वाढवायला सांगितलं नाही, मांडायला बसवलं.

---

गणितवाल्या बाई | ११ जानेवारी, सकाळी ७:२०

बुलढाण्यातून लिहितेय. विचार चांगला आहे, पण शाळेत आणखी एक उपक्रम म्हटलं की पोटात गोळा येतो. ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, दर आठवड्याला कसली तरी लिंक भरायची. आमच्याकडे चार वर्ग आणि दोन शिक्षक आहेत.

शिवाय हे पहिल्यांदा होत नाहीये. कोठारी आयोगानं १९६४-६६ मध्ये कार्यानुभव सांगितला. १९७७ ला ईश्वरभाई पटेल समिती झाली, समाजोपयोगी उत्पादक काम आलं. आपल्या हाती काय उरलं? कागदाची फुलं आणि निकालपत्रावर एक श्रेणी. कार्यानुभवाच्या तासाला पेपर तपासणं चालतं, हे आपण सगळे जाणतो.

मी मात्र एकदा मनापासून केलं होतं. सहा वर्षांपूर्वी आठवीच्या मुलींकडून फिनेल करून घेतलं. चाळीस बाटल्या. मुली खूष, मी खूष. गावात विकायला गेलो तर कोणी घेईना, कारण दुकानात त्याच भावात कंपनीची बाटली मिळत होती आणि आमच्या बाटलीला वासही कमी. शेवटी बारा बाटल्या शाळेनंच घेतल्या, उरलेल्या बाटल्या आम्ही शिक्षकांनी वाटून घेतल्या. मुलींना आम्ही सांगितलं, सगळा माल संपला! आज वाटतं, तिथे मी त्यांना फसवलं. ‘घेणारा कोण’ हा प्रश्न बनवण्याच्या आधी विचारायचा असतो, हे शिकवायची एवढी सुंदर संधी होती आणि मी ती झाकून टाकली. मेळाव्यातही हेच होतं. मायबाप आपल्याच लेकरांचा माल घेतात. त्याला गिऱ्हाईक म्हणत नाहीत.

---

दिल्लीतला अकोलेकर | ११ जानेवारी, दुपारी १:४८

मी दिल्लीत असतो, तिथलं पाहिलेलं सांगतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्ली सरकारनं नववी ते बारावीला उद्योजकता मानसिकता अभ्यासक्रम आणला. परीक्षा नाही, पाठ्यपुस्तक पाठ करणं नाही. गोष्टी, खेळ, उद्योजकांशी गप्पा. २०२१ पासून अकरावी-बारावीच्या पोरांना गटानं धंदा उभा करायला माणशी दोन हजार रुपये बीजभांडवल दिलं, त्याचं नाव बिझनेस ब्लास्टर्स. सरकारी शाळेतल्या, कधी चार लोकांपुढे न बोललेल्या मुली मंचावर उभ्या राहून आपला माल समजावून सांगताना मी पाहिल्या आहेत. पोरांच्या हातात खरे पैसे देणं आणि ते बुडाले तरी शिक्षा न करणं, यानं फरक पडतो. आपल्याकडेही धीटपणा शिकवायला हवा. हिशोब हवाच, पण फक्त हिशोबानं पोरगं घाबरूनही जाऊ शकतं. उणे ४५ पाहून त्या पोराला पुन्हा पोंगे लावावेसे वाटतील का?

---

वैनगंगेकाठ | ११ जानेवारी, रात्री ८:१५

गडचिरोलीकडून जोहार.

अकोलेकर भाऊ, दोन हजार आमच्या पोरांच्या हाती आले तर आनंदच आहे. पण आमच्याकडे भांडवल झाडाखाली पडलेलं असतं. मार्च-एप्रिलात पहाटे लेकरं मोहफुलं वेचायला जातात. शाळेत हजेरी कमी होते म्हणून गुरुजी ओरडतात. आता बघा, तेच घर ओलं-सुकं मोहफूल पैशाची नड म्हणून लगेच विकून टाकतं, आणि पावसाळ्यात तेच मोहफूल त्याच व्यापाऱ्याकडून जास्त भावानं विकत आणतं. हे मी लहानपणी माझ्या घरी पाहिलं. शाळेत मला सरळव्याज शिकवलं ते ‘राम आणि श्याम’च्या पैशावर. मोहाच्या टोपलीवर शिकवलं असतं तर मी दहाव्या वर्षीच आईला सांगितलं असतं, थोडं ठेव.

दुसरं. तुम्ही सगळे एकट्या पोराच्या धंद्याबद्दल बोलताय. आमच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकते. लिलाव, करार, मजुरी किती, गावाच्या खात्यात किती, हे सगळं सभेत मांडलं जातं. हाही उद्योगच आहे, आणि त्यात मालक अख्खं गाव आहे. उद्योजकतेच्या धड्यात कायम एक हुशार मुलगा आणि त्याचं दुकान असतं. सहावीच्या पोरांना एक दिवस ग्रामसभेत मागे बसवा, तेंदूपत्त्याच्या विक्रीतून मिळणाऱ्या बोनसचा हिशोब वाचताना ऐकू द्या. दप्तराविना दहा दिवसांतला एक दिवस तिथे गेला तर सार्थकी लागेल.

---

पाबळचा निदेशक | ११ जानेवारी, रात्री १०:४०

मी वर्ष दीड वर्ष पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात शिकलो, आता अमरावती जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात निदेशक आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो आश्रम सुरू केला, हातानं काम करत शिकायला. त्यातूनच शाळांत मूलभूत तंत्रज्ञान हा विषय आला. आठवड्यातला एक दिवस कामाचा, चार विभाग आळीपाळीनं : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य.

बाईंच्या फिनेलबद्दल : आमचा नियम असा की पोरं गावाला लागेल तेच करतात, आणि खर्चपत्रक जोडल्याशिवाय काम पूर्ण धरत नाही. गेल्या वर्षी पोरांनी एका ताईंच्या कोंबड्यांच्या खुराड्याला दार करून दिलं. माप घ्यायला पोरं गेली, दर सांगितला, ताईंनी घासाघीस केली, पोरांनी लोखंडाचं बिल दाखवलं. दार दोन सूत मोठं झालं. ताईंनी परत पाठवलं! पुन्हा कापून, वेल्डिंग करून दिलं, आणि वाया गेलेला पट्टीचा तुकडा खर्चात लिहावा लागला. त्या दिवशी पोरांनी जे मोजमाप शिकलं ते मी फळ्यावर महिनाभर शिकवू शकलो नसतो.

कोरडवाहू भाऊंना एक सांगतो. वेल्डिंग शिकलेली आमची पोरं सगळी वेल्डर होत नाहीत. बरीच पुढे शिकायला जातात. हात चालले की डोकं मागे पडतं, ही भीती मला इतक्या वर्षांत खरी ठरताना दिसली नाही.

---

कोरडवाहू | १२ जानेवारी, पहाटे ५:३०

रात्रभर विचार केला. एक सांगायचं राहून गेलं होतं.

माझे बाबा शेतकरी संघटनेच्या शिबिरांना जात. शरद जोशींनी त्या पिढीला एकच गोष्ट धरून शिकवली, कापसाचा उत्पादन खर्च मांडा. बाबा चौथी शिकलेले, पण वहीत नांगरटीपासून वेचणीपर्यंत सगळं लिहायचे. १९८६ मध्ये चांदवडला बायांचं अधिवेशन झालं, तिथे आई गेली होती. परत आली आणि बाबांना म्हणाली, तुमच्या वहीत मी कुठं आहे?

मास्तरांच्या वर्गातल्या पोरानं तेच विचारलं.

आता हे वाचणाऱ्या नव्या लोकांसाठी. केंद्राचा कृषी मूल्य आयोग खर्च तीन तऱ्हांनी मांडतो. बियाणं, खत, औषध, लावलेली मजुरी असा खिशातून गेलेला खर्च, तो ए-टू. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत मिळवली की ए-टू अधिक एफएल. त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड, म्हणजे भाडं, आणि भांडवलावरचं व्याज धरलं की सी-टू. २०१८-१९ पासून सरकार हमीभाव दीडपट देतं म्हणतं, ते मधल्या खर्चाच्या दीडपट. आम्ही मागतो ते सी-टूच्या दीडपट. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८११० रुपये हमीभाव होता. तो पुरेसा की अपुरा, हे या तीन आकड्यांतला फरक कळल्याशिवाय बोलताच येत नाही. आणि हा फरक शेतकऱ्याच्या पोराला पदवीपर्यंत कोणी सांगत नाही.

हे शिकवणार असाल तर माझं पोरगं तुमच्याकडे पाठवायला तयार आहे. नोकरीला लागो की शेती करो, हे त्याला यायला पाहिजे. फक्त नफ्याचं गुणगान करू नका. कष्ट केले की यश मिळतंच, असं त्याला सांगू नका. त्याच्या आजानं कमी कष्ट नाही केले.

---

सेलूचा मास्तर | १२ जानेवारी, रात्री ९:५०

भाऊ, तुमच्या आईंचा प्रश्न उद्या वर्गात सांगणार आहे, तुमची परवानगी आहे असं धरतो.

अकोलेकरांनी विचारलं, त्या पोराला पुन्हा पोंगे लावावेसे वाटतील का. मी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, लावीन, पण सात रुपयाला, आणि आलू मी स्वतः सोलीन. पोरगं घाबरलेलं नाही. पण तुमचा मुद्दा धरून ठेवतो, वर्गात दुसरी काही लेकरं गप्प झाली होती हे खरं.

बाई, वेगळा तास मी मागत नाही. गणितात नफा-तोटा, शेकडेवारी, सरळव्याज आहेच. मराठीत पत्रलेखन आहे, तिथे दुकानदाराला दरपत्रक मागवू. मी एक साधी वही सुरू केली आहे, शाळेतल्या शंभर पानी वहीतच. रकाने असे : काय आणलं, किती दिले, घरचं काय वापरलं, कोणी किती तास काम केलं, काय वाया गेलं, कोणी घेतलं. ‘कोणी घेतलं’मध्ये नात्यातला माणूस असेल तर शेजारी ‘घ’ लिहायचं. हे बाईंच्या फिनेलवरून आजच वाढवलं. लिहून कुठे पाठवायचं नाही, फोटो काढायचे नाहीत.

एक काळजी मी घेतो. घरचं उत्पन्न, कर्ज, हे वर्गात उघड वाचायचं नाही. ज्याला लिहायचं तो लिहील, वही दप्तरात राहील.

आता पहिला प्रयोग. सध्या तूर निघतेय. एका पोरीच्या घरून दहा किलो तूर विकत घेतली, गावच्या बचत गटाकडे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी दालमिल आहे, शनिवारी तिथे नेतो. काय उतारा येतो ते इथे टाकतो.

---

सेलूचा मास्तर | १७ जानेवारी, सायंकाळी ६:३०

दहा किलो तुरीचं असं झालं. डाळ ७ किलो १०० ग्रॅम. चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, १ किलो ३००. भुशी १ किलो २००. घट ४०० ग्रॅम. घट कुठे गेली यावर पोरांनी पाऊण तास काढला. मिलच्या ताई म्हणाल्या, धूळ आणि ओल. मग पोरांनी मिलखालची धूळ झाडून तोलली, ती १५० ग्रॅम भरली, तेव्हा कुठे त्यांचं थोडं समाधान झालं.

तूर ७० नं घेतली होती, ७००. भरडाई किलोला आठ, ८०. पिशव्या ३०. एकूण ८१०. डाळ ११० नं विकली, ७८१. चुनी एका गायवाल्यानं ३२ ला नेली. आले ८१३. सगळ्या उठाठेवीचे तीन रुपये. पोरांचे तास अजून धरलेच नाहीत.

मग वर्गात वाद पेटला, मिलवाले कमावतात कसे? एकानं सांगितलं, ते दहा किलो करत नाहीत, पोत्यांनी करतात. दुसऱ्यानं सांगितलं, तूर निघाली की स्वस्तात घेतात, डाळ पावसाळ्यात विकतात. सगळ्यांना पटलं. ठरलं की पुढची दहा किलो पोळ्यापर्यंत कोठीत ठेवायची.

तेव्हा जिच्या घरची तूर होती ती पोरगी उभी राहिली. म्हणाली, “थांबता आलं असतं त बाबांनी देल्लीच नसती, सर. बँकेचे पैसे मार्चात भरा लागते.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर सांगा.

---

गणितवाल्या बाई | १७ जानेवारी, रात्री ८:०२

सर, बाजार समितीची शेतमाल तारण योजना आहे ना. माल गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिने मुदत, व्याज सहा टक्के. पणन मंडळाची ही योजना १९९० पासून आहे आणि तूर त्यात बसते. तिच्या बाबांना माहीत आहे का, विचारा. आणि मुलांना हेच गणित द्या : आज ७० नं विकली तर किती, आणि तारण ठेवून सहा महिन्यांनी विकली तर व्याज, हमाली, गाडीभाडं वजा जाता भाव किमान किती असला पाहिजे? मी माझ्या सातवीला सोमवारी हेच देतेय. चार वर्ग, दोन शिक्षक, तरी देतेय.

---

सेलूचा मास्तर | १७ जानेवारी, रात्री ९:१५

तिच्या बाबांना फोन केला. योजना ऐकून माहीत होती, पण चार पोत्यांसाठी ऑटोभाडं करून तालुक्याला कोण जाणार, म्हणाले. गल्लीतली अजून पाच घरं मिळून एकच गाडी केली तर? यावर थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, किती पडते ते पोरीला मांडून आणायला सांगा.

बुधवारी पोरांना घेऊन बाजार समितीत जातोय. गाडीभाड्याचा दर तीच विचारणार आहे.